आईचं निराधार चालू आहे, लेकीने ट्रेनिंगला नाव नोंदवलं तर ते बंद होतं का? (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. वय ४३. मालक यंत्रमागावर कामाला होते, सात वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून विड्या वळून दोन लेकरं वाढवली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात. थोरली लेक वीस वर्षांची, बारावी झालेली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, तिन्ही अगदी सफाईदार बोलते. तिला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत जायचंय. बारावीवाल्यांना महिना ६,००० विद्यावेतन आहे, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना १०,०००.

महास्वयमवर, म्हणजे सरकारच्या रोजगार नोंदणीच्या संकेतस्थळावर, नाव नोंदवायला ती माझ्याकडे आली. आधार, मार्कलिस्ट, पासबुक सगळं पिशवीत घालून. तेवढ्यात गल्लीतल्या कुणीतरी अक्कांच्या कानावर घातलं, "पोरीचं नाव ऑनलाइन चढलं की तुझं निराधार कटतंय." झालं. फॉर्म तिथंच राहिला.

मी समजवायला गेलो. अक्कांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं नाही, हात चालूच. म्हणाल्या, "भाऊ, सहा हजार सहा महिने येतील की. पुढं काय? हे दीड हजार एकदा गेले तर परत कोण देणार हाय वो?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारतोय. नाव नोंदवल्याने खरंच कटतं का? आणि ज्या घराला सरकार गरीब म्हणून मदत देतं, त्याच घरातल्या पोरीने कामाला लागायचं ठरवलं तर आधी कुठं जावं, कुणाला विचारावं? जाणकारांनी कृपया लिहा.

जुळेसोलापूर

सहा हजार मिळत असतील तर दीड हजाराचा मोह कशाला? पोरगी कमावती झाली की निराधार कसले? मदत खरी गरज असेल त्याला जावी. सॉरी, पण स्पष्ट लिहिलं.

निवृत्त_अव्वल_कारकून

महसूल खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली बरीच संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत. त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट. नाव नोंदवणं म्हणजे उत्पन्न नव्हे. महास्वयमवरची नोंदणी ही पूर्वीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डासारखी. आमच्या काळात कार्ड काढायला पहाटेपासून रांगा लागायच्या. कार्ड निघालं म्हणून कुणाच्या घरी पैसा आला नाही, तसं हेही. नुसत्या नोंदणीवर कुणाचंही अनुदान बंद करायला आधारच नाही. अक्कांना हे पहिलं सांगा.

दुसरी गोष्ट मात्र जड आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. निराधारसाठी एकतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. कुटुंबाचं, एकट्या अक्कांचं नव्हे. महिन्याला १,७५० पडतात. लेकीला ६,००० प्रमाणे सहा महिने मिळाले तरी ३६,००० होतात. म्हणजे अक्कांची भीती अडाणीपणाची नाही. त्यांनी बरोब्बर हिशेब केलाय.

माझ्या नोकरीत एका लाभार्थ्याला ६०० रुपये मिळायचे. २०१९ मध्ये १,००० झाले, २०२३ च्या जुलैपासून १,५००. मदत अडीचपट झाली, चांगलंच झालं. पण उत्पन्नाची मर्यादा ६०० होते तेव्हाही २१,००० आणि आजही २१,०००. टेबलाच्या अलीकडे बसून मी कितीतरी बायकांना हा आकडा सांगितलाय. त्या गप्प उभ्या राहायच्या. आता निवृत्त झालो म्हणून मोकळेपणाने लिहितो, या मर्यादेची लाज वाटायची.

अक्कांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे की त्या उत्पन्नाच्या दाखल्यावर बसल्यात, हे आधी मंजुरीच्या कागदावर बघा. तो कागद बहुतेक जणी गाद्यांखाली नाहीतर देवघरात ठेवतात. नाही सापडला तर शाखेत नक्कल मागा.

मंगळवेढ्याची_लेक

वरचा २१,००० चा आकडा वाचून मी वही घेऊन बसले. आमच्याकडे रोजगार हमीची कामं चालतात. २०२५-२६ चा दर रोज ३१२ रुपये होता. तेव्हाच्या कायद्याने घराला १०० दिवसांची हमी होती, आणि महाराष्ट्रात त्यापुढची हमी राज्याची. एखादी विधवा बाई मजुरीला गेली, तर ६८ व्या दिवशी तिच्या घराचं उत्पन्न २१,२१६ होतं. म्हणजे एक कायदा सांगायचा १०० दिवस काम कर, आणि दुसरा नियम ६८ व्या दिवशी सांगायचा की तू आता निराधार नाहीस!

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्याच दुष्काळात वि. स. पागेंची रोजगार हमी राज्यभर पोचली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. आजी सांगायची, त्या कामावर कुणी विचारलं नाही की तुझ्या घरी अजून काय येतं. काम मागितलं की काम.

जुळेसोलापूर, तुमच्यावर राग नाही. पण १,७५० रुपयांत महिना काढणाऱ्याच घराला "खरी गरज" म्हणायचं असेल, तर ही रेघ कुणी आणि कशी आखली ते आधी बघायला हवं.

विद्यावेतन_संपलं

मी ही योजना पूर्ण केली आहे, म्हणून लिहिते. पदवीधर आहे, १०,००० होते. जुलै २०२४ मध्ये योजना आली तेव्हा मुदत सहा महिने होती. नंतर पाच महिने वाढवून अकरा केली.

खरं काय ते सांगते. कामावर कायम केलं नाही, कुणालाच नाही. पैसे कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. घरून रोज जाण्या-येण्याचा खर्च सुरुवातीला आपलाच. ज्या कार्यालयात होते तिथं पहिला महिना नुसत्या फायली इकडून तिकडे. मग एका मॅडमनी आवक-जावक शिकवली, मराठी टायपिंगला बसवलं. आज मी एका दवाखान्यात बिलिंगला आहे. ती नोकरी या अनुभवामुळेच मिळाली.

माझे वडील दिव्यांग आहेत, त्यांचंही अनुदान चालू होतं. मी घरी सांगितलं नव्हतं की भीती वाटतेय. अकरा महिने दर महिन्याच्या शेवटी त्यांचं पासबुक आधी बघायचे, मग माझं. सुदैवाने दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे आणि त्यांचं नाव यादीत होतं. पण ही धाकधूक कुणी एका कागदावर लिहून देऊन संपवली असती तर किती बरं झालं असतं.

लेकीला जाऊ दे. पण मुदत संपल्यावर काय, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवायला सांगा.

शिलाई_युनिट_अक्कलकोट_रोड

मी मालकाच्या बाजूने लिहितो. गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. सोलापूरचे गणवेश कुठं कुठं जातात ते इथं सांगायला नको. हंगामात मला कारागीर बायका मिळत नाहीत आणि ज्या येतात त्यातल्या काही जणी पहिल्याच दिवशी म्हणतात, "साहेब, पीएफ नको, हजेरीवर नाव नको, हातात द्या."

सुरुवातीला वाटायचं हातात जास्त पैसे यावेत म्हणून म्हणत असतील. नंतर कळलं, निराधार जाईल म्हणून. म्हणजे दीड हजार वाचवायला ती बाई पीएफ सोडते, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) दवाखाना सोडते, नोंदीतली नोकरी सोडते. मला हे पटत नाही, नोंदीशिवाय मी कुणाला ठेवतही नाही. त्यामुळे ती दुसरीकडे जाते, जिथं नोंद करत नाहीत. तिथं मशीनमध्ये बोट गेलं तर विचारणारा कुणी नाही.

मला विचाराल तर उपाय सोपा आहे. काम लागल्यावर वर्षभर मदत तशीच चालू ठेवावी. वर्षभरात नोकरी टिकली तर ती बाई स्वतःहून सांगेल की आता नको.

आणि एक. शिवणकाम येत असेल तर पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये, साहित्यासाठी १५,००० चं ई-व्हाउचर, पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज. १८ व्यवसायांत हार-गजरे करणारेही आहेत. कापड विणणारे विणकर मात्र नाहीत, आपल्या गावासाठी ही मोठी उणीव.

कुंभारीहून

पूर्वभागकर, एक विचारायचं राहिलं. अक्का शहरात राहतात की घरकुलात?

मी गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. १०,००० विडी कामगारांची घरं. पलीकडे रे नगर उभं राहिलं, ३०,००० घरांचं, त्यातल्या पहिल्या १५,००० च्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. माणसं सगळी शहरातली, पाच्छा पेठ, अशोक चौक, साखर पेठ भागातून आलेली. घर मात्र कुंभारीत, दक्षिण सोलापूर तालुक्यात. म्हणजे ग्रामपंचायत.

याचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर रोजगार हमीचं जॉबकार्ड मागता येतं, उमेद या सरकारी अभियानाचे बचत गट आहेत, आरसेटीचं (बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं) मोफत निवासी प्रशिक्षण ग्रामीण लोकांसाठीच आहे. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, आरसेटी त्यांचीच. वयाची अट १८ ते ४५ होती तेव्हाही ४३ च्या अक्का त्यात बसतात! सगळे लेकीचंच बघताहेत, आईलाही काम शिकायचं असेल ना?

पण आमच्या वसाहतीत निम्म्या जणींच्या आधारवर पत्ता अजून पेठेतला. रेशनकार्ड शहरातलं. शहरात गेलं की म्हणतात तुम्ही आता कुंभारीचे. इकडं आलं की म्हणतात कागद शहराचा आहे. एक बाई तर तीन महिने नुसत्या शेअर रिक्षाने इकडून तिकडे फिरली. शेवटी तिने आधारचा पत्ता बदलून घेतला, घरकुलाचा ताबा कागद लावून, आणि मग सगळं सरळ झालं. पहिलं काम पत्ता एक करून घेणं. बाकी नंतर.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कळेल असं वाटलं नव्हतं.

कुंभारीहून, अक्का शहरातच राहतात, भाड्याच्या खोलीत. त्यामुळे ग्रामपंचायतीचं काही लागू नाही. पण वरच्या गल्लीतल्या दोन बहिणी मागच्या वर्षी घरकुलात गेल्यात, त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

जुळेसोलापूर यांना एवढंच सांगतो. तुम्ही गरज म्हणालात म्हणून काल मी अक्कांकडे तासभर बसलो. सकाळी साडेपाचला पान भिजवून ठेवतात. मग एकेक पान कात्रीने मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोऱ्याची गाठ. हजार विड्या पुऱ्या व्हायला दिवस मावळतो. कारखान्यात माल दिला की त्यातली छाट निघते, म्हणजे खराब म्हणून काढलेल्या विड्या, छाटीचे पैसे नाहीत. हे सगळं करून रात्री पोरीला म्हणतात, "तू हे करायचं नाहीस." या बाईला दीड हजाराचा मोह आहे असं मला वाटत नाही. तिला खाली पडायची भीती आहे, कारण एकदा पडलेली आहे.

जुळेसोलापूर

वाचलं. २१,००० ची मर्यादा मला माहीत नव्हती, मी दोन-अडीच लाखांचं धरून चाललो होतो, लाडकी बहीणला आहे तसं. माझं पहिलं वाक्य मागे घेतो. शिलाई युनिटवाल्यांचं वर्षभर मदत चालू ठेवायचं म्हणणं पटतंय.

चाकाची_खुर्ची

दिव्यांगांबद्दल थोडं. ऑक्टोबर २०२५ पासून आम्हाला निराधारचे २,५०० झालेत. नोकरीत शासकीय आरक्षण ४ टक्के, २०१६ च्या कायद्याने. पण यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्डशिवाय कुठलंच दार उघडत नाही, म्हणून ते आधी काढा. आणि रोजगार मेळाव्याला जाण्याआधी फोन करून विचारा की जागा तळमजल्यावर आहे का. मी एका मेळाव्यात दोन तास जिन्याखाली बसून होतो. वरून एक मुलगा माझा अर्ज घेऊन गेला आणि मुलाखत वर होती. मला वर कोण नेणार?

निवृत्त_अव्वल_कारकून

पूर्वभागकर, आता कृती सांगतो.

लेकीची नोंदणी करून टाका, ती थांबवू नका. त्याच वेळी अक्कांच्या नावाने एक साधा अर्ज लिहा, तहसीलदारांना. मजकूर चार ओळींचा. "माझी मुलगी अमुक योजनेत प्रशिक्षण घेणार आहे. हे विद्यावेतन ठरावीक मुदतीचे असून नोकरी नाही. ते कौटुंबिक उत्पन्नात धरले जाणार का, व माझ्या अनुदानावर परिणाम होणार असल्यास कोणत्या तरतुदीनुसार, हे लेखी कळवावे." दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. तोंडी "काही होत नाही हो" यावर समाधान मानायचं नाही. उद्या माणूस बदलला की तोंडी शब्दही बदलतो.

लपवाछपवी मात्र नको. लपवलं आणि पडताळणीत निघालं तर बाई खोटी ठरते. विचारून ठेवलं तर उत्तर देण्याची जबाबदारी कार्यालयाची.

आणि हो, दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा मुद्रांक मागितला तर देऊ नका. उत्पन्न, रहिवास, जात या दाखल्यांसाठी २०२५ मध्ये तो माफ झालाय. साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं.

पूर्वभागकर

आठ दिवसांनी लिहितोय.

मंजुरीचा कागद सापडला, देवघरातल्या डब्यातच. अक्का उत्पन्नाच्या दाखल्यावर आहेत, यादीत नाव नाही. म्हणजे भीती खरी.

तरी अर्ज दिला. त्याआधी दाखल्यासाठी एका केंद्रावर गेलो होतो, तिथं अंगठा लावायचा होता. अक्कांनी उजवा अंगठा लावला, जुळला नाही. डावा लावला, नाही. पदराने पुसून लावला, नाही. चालवणारा मुलगा चांगला होता, म्हणाला मावशी हात धुऊन या. धुऊन आल्या, तरी नाही. मग मी त्यांचा हात बघितला. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला रेघाच राहिल्या नाहीत. पंचवीस वर्षं पान वळून वळून कातडी गुळगुळीत झाली आहे, नखाशी तंबाखूचा पिवळा डाग. त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, हात मागे पदरात घेतला.

डोळ्याचं यंत्र त्या केंद्रावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी डोळ्याच्या बाहुलीवरून झालं, एका मिनिटात. ज्यांच्या घरी विडी कामगार, धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावरच्या बायका आहेत त्यांनी लक्षात ठेवा, अंगठा जुळला नाही म्हणून परत यायचं नाही. डोळा किंवा चेहरा घ्या म्हणून मागणी करायची. पहिल्या फेरीत अक्कांचा एक दिवसाचा माल बुडाला.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मिळाला. उत्तर अजून नाही.

लेकीची नोंदणीही झाली. तिथं वेगळीच अडचण निघाली. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव "लक्ष्मी" आणि आधारवर "लक्ष्मीबाई". आधार दुरुस्त करून घेतलं. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, जोडलेलं निघालं ते लहानपणीचं शिष्यवृत्तीचं खातं, पाच वर्षं बंद पडलेलं. विद्यावेतन त्यातच गेलं असतं. थेट जमा होणारा पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, हे प्रत्येकाने आधी तपासा.

विद्यावेतन_संपलं

खात्याचं अगदी खरं. माझा पहिला हप्ता असाच भलतीकडे गेला होता. आणि हजेरी दर महिन्याला चढवली का, हे स्वतः विचारत राहायला सांगा तिला. हजेरी नाही चढली की त्या महिन्याचे पैसे नाहीत.

मंगळवेढ्याची_लेक

अंगठ्याचं वाचून बराच वेळ पुढचं वाचवलं नाही. आमच्याकडे हजेरी मोबाइलवर फोटोने घेतात, तिथं नेटवर्क नसलं की दिवस वाया. रोजगार हमीचं काम मागणाऱ्यांनी कामाच्या मागणीचा अर्ज भरून तारखेची पोच नक्की घ्या. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता लागू होतो आणि तो त्या पोचेवरच मिळतो.

शिलाई_युनिट_अक्कलकोट_रोड

पूर्वभागकर, अक्कांना शिवणकाम येतं का? येत नसेल तरी चालेल. काजे-बटणं आणि धागे कापण्यापासून सुरुवात करता येते, बसून करायचं काम आहे. नोंदीवर घेईन, हजेरीपत्रक दाखवेन. पण तुमच्या अर्जाचं उत्तर आल्यावरच, त्यांच्या मनात शंका ठेवून नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पूर्वभागकर

व्यनि मिळाला, धन्यवाद. अक्कांना विचारलं. आधी म्हणाल्या बोटं आता दुसऱ्या कामाला वळायची नाहीत. रात्री लेकीने निरोप आणला, "आई विचारतेय, काज्याचं मशीन पायाचं असतं का विजेचं?"

अर्जाला तीस दिवस झाले की स्मरणपत्र देणार आहे. पुढच्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या आणखी तिघींचे अर्ज घेऊन जातोय, तोच मजकूर, नावं बदलून. पूर्व भागातलं कुणी याच अडचणीत असेल तर इथं लिहा, एकत्रच जाऊ. सकाळी दहाला निघतो.